ऑस्करची डावी बाजू

धट्ट्याकट्ट्या पुरुषांकडे दिवसभर टक लावून बघायचं आणि त्यांच्यात काय खोट आहे ते साहेबाला सांगायचं, अशी माझी नोकरी होती. पगार मिळायचा, वर हेल्थ इन्शुरन्स. माझ्या नवऱ्याला, अविनाशला, ही व्याख्या अजिबात आवडत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की तो घाईघाईने सांगतो, "ती स्पोर्ट्स ॲनालिटिक्समध्ये होती." समोरचे काका मान डोलवतात आणि विचारतात, "म्हणजे क्रिकेट?"

क्रिकेट नाही, हॉकी. त्यावर काकांचा चेहरा उजळतो आणि ते आपल्या सुवर्णपदकांविषयी बोलू लागतात. मग मला सांगावं लागतं की काका, ती गवतावरची. ही बर्फावरची. यात चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते. खेळाडू स्केट्स घालून धावतात, एकमेकांना खुशाल लाकडी कठड्यावर आपटतात आणि ते नियमात बसतं. काका विषय बदलतात.

नागपूरला वाढलेल्या मुलीचा बर्फाशी संबंध तो किती? गोळेवाल्याकडे भुशात गुंडाळलेली लादी, एवढाच. पण आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो आणि आमच्या ऋचाने भरतनाट्यम सोडून हॉकी धरली. अविनाश सतत क्लायंटकडे. त्यामुळे रिंकच्या थंडगार बाकावर बसून कुडकुडणं माझ्या वाट्याला आलं. नुसतं बसून कंटाळा यायचा, म्हणून मी व्हिडिओ काढू लागले. मूळची कॉम्प्युटरवाली असल्यामुळे घरी येऊन त्याचे तुकडे पाडायचे: ही मुलगी इथे चुकली, ती तिथे झोपली. मुलींच्या कोचला ते आवडलं. पुढे तो एका व्यावसायिक संघात गेला आणि त्याने मलाही ओढलं. संघाचं नाव सांगत नाही. करारात तसं लिहिलंय, आणि सांगितलं तरी तुम्ही ओळखणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या क्षेत्राविषयी लिहा" म्हटलं. क्षेत्र फार मोठं आहे. मी एकाच माणसाविषयी लिहिते.

आमच्याकडे खेळाडूंची अदलाबदल चालते. तुमचा एक आम्हाला, आमचा एक तुम्हाला. खेळाडूला कोणी विचारत नाही. सकाळी सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या राज्यात राहायला जातो, बायको मागून सामान बांधून येते. माझं काम त्याआधीचं. येणारा माणूस कसा आहे ते बघायचं. समोरच्या संघाचा मॅनेजर जी स्तुती करतो ती लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखी वाचायची असते. "अनुभवी" म्हणजे पाय थकलेत. "ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचा लाडका" म्हणजे बर्फावर फारसा उपयोग नाही. "अजून खूप वाव आहे" याचा अर्थ तुम्हीच लावा.

एका हिवाळ्यात आमचे दोन बचावपटू लागोपाठ जखमी झाले. आमचा मॅनेजर ग्लेन माझ्याकडे आला. ग्लेन मनाने चांगला, पण आधी मत ठरवायचा आणि मग सल्ला विचारायचा.

"आयोवातल्या संघात ऑस्कर म्हणून एक आहे," तो म्हणाला. "मोठा गडी. अनुभवी. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांचा लाडका."

"अरे बापरे," मी म्हटलं.

"तू बघून तर ये."

व्हिडिओवर मी ऑस्करला भरपूर पाहिलं. बचावपटूचं मुख्य काम चालतं उलट्या दिशेने स्केटिंग करत. समोरून हल्ला येतोय, तुम्ही त्याच्याकडे तोंड करून मागे मागे जाताय. मग तो चकती तुमच्या पाठीमागच्या कोपऱ्यात फेकतो. तुम्ही गर्रकन वळायचं, कोपऱ्यात पोचायचं, चकती उचलायची आणि आपल्या माणसाकडे द्यायची. हे सगळं मागून एक रेडा अंगावर धावून येत असताना. म्हणून वळण्याआधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं असतं, म्हणजे रेडा कुठून येतोय ते कळतं.

ऑस्करचे पास सुरेख होते. डोकं शांत. चकतीच्या आडवं पडायला अजिबात घाबरायचा नाही. उजवीकडे वळणं बरं. डावीकडे वळताना मात्र तो थांबायचा, विचार करायचा आणि मग अख्खा वळायचा. आणि मागे बघायचा नाही. हे व्हिडिओवर दिसत होतं, पण व्हिडिओवर माणूस एका आठवड्यापुरताही दमलेला असू शकतो. म्हणून मी गाडी काढली आणि आयोवाला गेले.

इथे माझा एक फायदा सांगते. इतर संघांचे स्काउट्स, म्हणजे खेळाडू पारखायला आलेले लोक, लांबून ओळखू येतात. काळं जॅकेट, हातात कॉफी, सगळ्यात वरच्या रांगेत, चेहरा असा की कोणीतरी वारलंय. माझ्याकडे बघून कोणाच्या मनातही येत नसे. जांभळं पफर जॅकेट, कानावरून मफलर, मांडीवर डबा. मी सरळ खेळाडूंच्या घरच्यांमध्ये जाऊन बसायचे.

त्या दिवशी शेजारी एक सत्तरीच्या घरातली बाई विणकाम करत बसली होती. मी डबा उघडला तशी ती डोकावली. मी तिला बटाट्याची भाजी भरलेला पोळीचा रोल दिला.

"हा टाको आहे का?" तिने विचारलं.

"त्याच्यासारखंच काहीतरी."

तिने खाल्ला, दुसरा मागितला, आणि मग सुईने बर्फाकडे दाखवत म्हणाली, "तो दाढीवाला उंच दिसतोय ना, तो माझा जावई. ऑस्कर."

मी शपथेवर सांगते, मी मुद्दाम तिच्याजवळ बसले नव्हते. पण आता उठून जाणंही बरं दिसलं नसतं. मी विचारलं, "कसा आहे?"

"सोन्यासारखा आहे. भांडी घासतो. माझ्या बेकीशी कधी आवाज चढवून बोलला नाही. पण गाडी रिव्हर्स घेताना मागे बघत नाही! माझी टपालपेटी दोनदा पाडली त्याने."

"कुठल्या बाजूने?" मी विचारलं. हा प्रश्न साध्या बाईने विचारला नसता, पण तिचं लक्ष विणकामात होतं.

"डावीकडून. दोन्ही वेळा. त्याचा तो गुडघा ऑपरेशनचा आहे ना, तिकडे मान वळवायचाही त्याला आळस."

मला ठसका लागला. बाईने प्रेमाने माझी पाठ थोपटली. तिचं नाव जोन.

परत आल्यावर मी ग्लेनला सांगितलं, "घेऊ नकोस. माणूस हुशार आहे, पण डावीकडे वळताना तो ट्रकसारखा वळतो. प्रत्येक संघ चकती त्याच्या डावीकडेच फेकणार."

"पण पास चांगला देतो ना?"

"चकती मिळाली तर."

ग्लेनने गंभीरपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेतलं.

ऑस्कर आला त्या सकाळी ग्लेन त्याला सगळ्यांना भेटवत होता. माझ्या खोलीच्या दारात थांबला आणि हसत म्हणाला, "आणि ही वैशाली. तुला घेऊ नका असं हिने सांगितलं होतं." ग्लेनला वाटायचं, यालाच मोकळेपणा म्हणतात.

ऑस्करने हात पुढे केला. माझा पंजा त्यात नाहीसा झाला. "काय सांगितलंस?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "डावीकडे वळताना ट्रकसारखा वळतोस, असं सांगितलं."

"कसला ट्रक?"

"कचऱ्याचा," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. जीभ आहे ना नागपूरची.

तो हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला. ग्लेन मात्र पोट धरून हसला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली. दुसऱ्या दिवसापासून सरावात ऑस्कर डावीकडे वळला की त्याचे साथीदार तोंडाने रिव्हर्स घेणाऱ्या कचऱ्याच्या ट्रकसारखे वाजू लागले. बीप, बीप, बीप.

सामन्यांत कोणी वाजत नव्हतं, पण तिथे त्याहून वाईट चाललं होतं. प्रत्येक संघ चकती त्याच्या डावीकडे फेकायचा, तो वळेपर्यंत रेडा येऊन आदळायचा आणि आमच्यावर गोल व्हायचा. मी बरोबर ठरत होते, आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. कोचने त्याला स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर महिनाअखेर मोकळा करू. मोकळा म्हणजे घरी. तिशी ओलांडलेल्या, ऑपरेशन झालेल्या बचावपटूला दुसरा संघ कुठून मिळणार? मिनेसोटात सासऱ्यांचं बोटी दुरुस्त करण्याचं दुकान होतं, तिथे त्याची जागा ठेवलेली होती.

त्यातच जोन जावयाचा सामना बघायला आली. सामना संपल्यावर घरचे लोक ज्या हॉलमध्ये थांबतात, तिथून मी नेमकी गळ्यात संघाचं ओळखपत्र अडकवून चालले होते.

"टाको!" मागून हाक आली.

मी वळले. जोन हात पसरून येत होती, मागे बेकी, आणि तिच्या मागे केस ओले असलेला ऑस्कर. जोनने मला मिठी मारली. मग तिची नजर ओळखपत्रावर गेली.

"तू इथे काम करतेस?"

"हो."

"काय काम करतेस?"

उत्तर ऑस्करने दिलं. "जोन, हीच ती. कचऱ्याचा ट्रक म्हणणारी." मग त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं. "तुम्ही दोघी एकमेकींना कशा ओळखता?"

जोनचा चेहरा हळूहळू लाल झाला. "आयोवात ही माझ्या शेजारी बसली होती. मी हिला... ऑस्कर, मी हिला टपालपेटीचं सांगितलं."

"टपालपेटीचं सांगितलंस?"

"मला काय माहीत ही हेर आहे! हिने मला खायला दिलं!"

बेकी भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. नुकतंच आयोवातलं घर रिकामं करून ती आली होती, पोरांची शाळा बदलून. ऑस्करने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी "सॉरी" म्हणाले. फार तोकडा शब्द होता. ऋचाला घरी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मॉम, दॅट इज सो एम्बॅरसिंग," आणि पहिल्यांदाच मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्कर माझ्या खोलीत आला. खुर्ची ओढून बसला.

"लोक हसतात त्याची मला सवय आहे," तो म्हणाला. "पण बेकीला मी पुन्हा सामान बांधायला सांगणार नाही. दाखव मला सगळं. गोड करून सांगू नकोस."

"मला येतच नाही," मी म्हटलं.

"ते कळलंय."

आम्ही बसलो. एकामागून एक चुका दाखवल्या. त्याने कुठेही सबब सांगितली नाही, हे मला मोठं वाटलं. बहुतेक खेळाडू सांगतात: बर्फ खराब होता, साथीदार चुकला, पंच आंधळा होता. हा फक्त म्हणायचा, "परत लाव."

मागे बघण्याची सवय लावता आली. त्यासाठी मी थोडा वाह्यातपणा केला. संध्याकाळी तो पार्किंगमध्ये गाडी काढायला लागला की मी मागे जाऊन उभी राहायचे. त्याने खांद्यावरून बघितलं नाही की गाडीच्या डिकीवर थाप मारायचे. संघातल्या पोरांना हे कळल्यावर तेही येऊन थापा मारू लागले. पंधरवड्यात तो इतका मागे बघायला लागला की कॉफीच्या रांगेतही मान वळवायचा.

पण गुडघा काही सुधारणार नव्हता. डावीकडचा ट्रक ट्रकच राहणार होता. तेव्हा एका दुपारी चुका बघता बघता माझ्या मनात आलं की सगळे चकती तिथेच फेकणार हे जर आपल्याला नक्की माहीत आहे, तर मग काळजी आपण कशाला करतोय?

मी ऑस्करला घेऊन कोचकडे गेले आणि म्हटलं, "त्यांना फेकू द्या. ऑस्करने वळायचंच नाही. चकती डावीकडे आली की आपल्या गोलरक्षकाने जाळं सोडून मागे जायचं आणि ती अडवायची. ऑस्करने नुसतं उभं राहायचं."

"उभं राहून काय करायचं?"

"काही नाही. अडवायचं नाही, पण बाजूलाही व्हायचं नाही." मंडळाच्या जेवणाच्या रांगेत काही काका जसे उभे असतात तसं, हे मी मनात म्हटलं. मोठ्या अंगाच्या माणसाला ते छान जमतं. धावून येणारा रेडा त्याला वळसा घालेपर्यंत गोलरक्षक चकती दुसऱ्या बचावपटूला देणार, आणि समोरच्यांचे निम्मे लोक आमच्या कोपऱ्यात अडकलेले असताना आमचे पुढे पळणार.

कोचने डोकं खाजवलं. "म्हणजे त्याचा कच्चेपणा तसाच ठेवायचा?"

"झाकायचा तर मुळीच नाही. उलट वॉर्मअपमध्ये त्याला डावीकडे दोनदा अडखळू दे."

ऑस्कर तेव्हा पहिल्यांदा हसला. दाढीच्या आत कुठेतरी.

पहिल्याच सामन्यात समोरच्यांनी डावीकडे चकती फेकली. गोलरक्षक मागे आला, ऑस्कर खांबासारखा उभा राहिला, आणि पुढच्या काही क्षणांत गोल त्यांच्या जाळ्यात होता. त्यांनी पुन्हा तेच केलं. त्यांच्या स्काउटने सांगितलं होतं ना, डावीकडून कच्चा आहे म्हणून! त्या काळ्या जॅकेटवाल्यांचे चेहरे बघायला मी मुद्दाम वरच्या रांगेत जाऊन बसले. त्यांना डब्यातलं दिलं नाही.

महिनाअखेर आली आणि गेली. ऑस्करला मोकळं करण्याविषयी कोणी बोललं नाही. आकड्यांत तर तो लीगमधल्या चांगल्या बचावपटूंमध्ये दिसू लागला. बेकीने पोरांची नावं पोहण्याच्या क्लासला घातली.

मग ग्लेन आला.

"वरच्या लीगचा एक संघ ऑस्करला मागतोय. बदल्यात तरणाताठा पोरगा देतायत."

"देऊ नकोस," मी म्हटलं.

"आधी म्हणालीस घेऊ नकोस, आता म्हणतेस देऊ नकोस. नक्की मत काय आहे तुझं?"

मी ऑस्करला शोधत गेले. तो स्केट्सच्या नाड्या बांधत होता. त्याला बातमी कळली होती. "वरची लीग," तो म्हणाला. "शाळेत असल्यापासून मी... एकदाही खेळलो नाही तिथे." नाडीची गाठ त्याने सोडली आणि परत बांधली.

संध्याकाळी त्या वरच्या संघाच्या स्काउटचा मला फोन आला. आमच्या धंद्यात असे फोन चालतात. कागदावर काही नाही, नुसतं मैत्रीखात्यात.

"तुमच्या ऑस्करची डावी बाजू सुधारली म्हणे?"

खरं सांगितलं तर सौदा मोडणार आणि तो आमच्याकडेच राहणार, म्हणजे मला हवं तेच. पण त्या नाडीची गाठ माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आणि खोटं तर मला बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "गेल्या महिन्यात त्याच्या डावीकडून आमच्यावर किती गोल झाले ते तुझ्याकडे असेलच."

"जवळजवळ नाहीच."

"बरोबर. बरं, तुमचा गोलरक्षक जाळं सोडून मागे येतो का रे?"

"नाही, तो जागचा हलत नाही. का?"

"सहज विचारलं."

त्याने आभार मानून फोन ठेवला. चांगला स्काउट असता तर गोलरक्षकाच्या त्या प्रश्नावरच अडून बसला असता. मी माझं काम केलं होतं, त्याने त्याचं केलं नाही. अविनाश सोफ्यावरून सगळं ऐकत होता. "तू मध्यस्थ म्हणून लग्नं जुळवली असतीस ना," तो म्हणाला, "तर लोक आपल्याला शोधत काठ्या घेऊन आले असते."

ऑस्कर वरच्या लीगमध्ये खेळला. त्यांचा संघ शिकागोला आला तेव्हा जोनने मला तिकीट पाठवलं. ती, बेकी, पोरं आणि मी एका रांगेत. वीस हजार माणसांच्या त्या गदारोळात ऑस्कर दिव्यांखाली बर्फावर उतरला आणि जोनने विणकाम खाली ठेवलं. पहिल्याच खेपेला त्याने एक पास दिला, लांब, सरळ, दोघांच्या मधून, आणि त्यावर गोल झाला. बेकीने माझा हात इतका जोरात धरला की अंगठी रुतली. पुढे तिसऱ्या सत्रात एक पोरगा डावीकडून त्याला मागे टाकून गेला. आम्ही सगळे एकदम पुढे सरकलो, पण गोल काही झाला नाही.

थोडेच सामने मिळाले त्याला. मग इतरांनी डावी बाजू ओळखली, आणि हंगाम संपल्यावर त्या संघाने करार वाढवला नाही.

उन्हाळ्यात ग्लेन माझ्या दारात उभा. "ऑस्कर मोकळा आहे. परत यायला तयार आहे. आपला गोलरक्षक तोच आहे. काय म्हणतेस?"

मी त्याचे वरच्या लीगमधले सगळे व्हिडिओ आधीच बघून ठेवले होते. पुन्हा एकदा बघितले. मनात असतं तर हो म्हणता आलं असतं, ग्लेनने आधीच मत ठरवलेलं होतं. "नको," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्लेनने माझं ऐकलं. असा ऐनवेळी शहाणा होतो माणूस.

दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून ऑस्करला फोन केला. मागे सासऱ्यांच्या बोटींच्या दुकानात कसलं तरी यंत्र घरघरत होतं. ते त्याने बंद केलं.

"ग्लेनने विचारलं. मी नको म्हणाले," मी सांगितलं.

हातातलं अवजार खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कारण काय दिलंस?"

"डावी बाजू तर आहेच. पण आता तू उजवीकडेही उशिरा वळतोस."

"उजवीकडेही?"

"हो. ख्रिसमसनंतर सुरू झालं."

पलीकडे त्याने एक सुस्कारा सोडला आणि मग हळूच हसला.

"शी!" तो म्हणाला. "मला वाटलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नसेल."